अल्झायमरची आगाऊ चाहूल आणि डीएनएवरच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात मी अधूनमधून मेंदूच्या आजारांवर बोलते. भाषण चाळीस मिनिटांचं, प्रश्न तासभर, आणि उरलेले रात्री व्हॉट्सॲपवर, "मावशी, एक विचारू का?" अशा सुरुवातीने. मी आण्विक जीवशास्त्र शिकवायचे, डॉक्टर नाही. म्हणून गोळी कोणती घ्यायची ते मी सांगत नाही. एखादी तपासणी नेमकं काय मोजते आणि काय मोजत नाही, एवढं सांगू शकते. वर्षभरात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. घाई असेल तर थेट ३ आणि १३ वाचा.

१. एपिजेनेटिक म्हणजे जेनेटिकच ना? की काही वेगळं?

वेगळं. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी पाहिल्या असतील तर लगेच कळेल. संहिता सगळ्यांच्या हातात तीच असते, पण वेळेत बसवायला दिग्दर्शक पेन्सिलीने काही वाक्यांवर काट मारतो. छापलेला शब्द जागेवरच असतो, फक्त तो रंगमंचावर बोलला जात नाही. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच आहे. यकृताने काय बोलायचं आणि मेंदूने काय, हे त्या पेन्सिलीच्या खुणा ठरवतात. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली आणला.

सगळ्यात जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे मिथिलेशन. डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी'वर एक छोटा मिथाइल गट चिकटतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. तो बहुतेक वेळा जिथे 'सी'च्या लगेच पुढे 'जी' येतो तिथेच बसतो. माणसात अशा साधारण पावणेतीन कोटी जागा आहेत. जनुकाच्या सुरुवातीलाच अशा खुणा दाटल्या की ते जनुक सहसा गप्प होतं. जनुकं बदलत नाहीत, खुणा मात्र वय, आहार, धूम्रपान आणि आजार यांनी बदलतात. म्हणूनच आजाराची चाहूल त्यांच्यात शोधायची कल्पना निघाली.

२. पण विसरण्याच्या आजाराशी याचा संबंध कुणी लावला?

१९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे ऑगुस्टं डेटर या रुग्ण बाईच्या मेंदूचं वर्णन केलं. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि आत गुंतलेले धागे. आज त्यांना आपण अमायलॉइड आणि टाऊ म्हणतो. हे साचणं पहिलं लक्षण दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू होतं. आगाऊ तपासणीच्या मागे सगळे लागलेत ते या मधल्या काळासाठी.

खुणांचा धागा नंतर सापडला. २००९ मध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या मेंदूंचा एक अभ्यास आला. दोघांचा डीएनए एकच, पण एकाला अल्झायमर झाला आणि दुसऱ्याला नाही. आजारी भावाच्या कानशिलाजवळच्या मेंदूभागात मिथिलेशन कमी होतं. त्याचा कामाच्या ठिकाणी कीटकनाशकांशी संबंध आला होता, ही नोंदही त्यात आहे. पण जोडी एकच होती, तेव्हा कारण सापडलं असं म्हणता येत नाही.

खरा जोर आला २०१४ मध्ये. बॉस्टनच्या एका गटाने ७०८ मेंदू तपासले आणि प्रत्येकात चार लाखांहून जास्त जागा पाहिल्या. इंग्लंडमधल्या गटाने स्वतंत्रपणे तेच काम केलं. दोघांच्याही यादीत एएनके१ हे जनुक आलं. गंमत म्हणजे या जनुकाची ओळख तोवर होती ती रक्तातल्या तांबड्या पेशींचा आकार धरून ठेवणारं म्हणून. दोन गटांनी वेगवेगळ्या मेंदूंवरून त्याच दारावर थाप मारावी, हे विज्ञानात क्वचित घडतं. शिवाय हा बदल आजारात आधी झिजणाऱ्या भागात दिसतो आणि फारसा न झिजणाऱ्या लहान मेंदूत दिसत नाही, म्हणजे हे नुसतं म्हातारपण नव्हे.

आता पाणी ओतते. फरक होता काही टक्क्यांचा. आणि खुणेमुळे आजार झाला की आजारामुळे खूण उमटली, हे मेलेल्या मेंदूवरून सांगता येत नाही.

३. आईला अल्झायमर होता. माझ्या रक्तातल्या या खुणा पाहून मला होणार का, हे कळेल का?

आज तरी नाही. कोणी "हो" म्हणत पैसे मागत असेल तर ते देऊ नका.

पहिली अडचण साधी आहे: २ मध्ये सांगितलेले निष्कर्ष मेंदूचे आहेत, तुम्ही देणार आहात दंडातलं रक्त. खुणा पेशीगणिक वेगळ्या असतात हे तर १ मध्येच आलं. रक्ताच्या पेशी मेंदूची बातमी देतात, पण ऐकीव बातमी. काही जागांवर रक्त आणि मेंदू एकाच तालात बदलतात, बहुतेक जागांवर नाही.

दुसरी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. रक्तात एकाच प्रकारची पेशी नसते, ती मिसळ असते. मागच्या आठवड्यात सर्दी-पडसं झालं असेल तर पांढऱ्या पेशींमधलं प्रमाण हलतं. प्रत्येक प्रकारच्या पेशीवरच्या खुणा वेगळ्या, त्यामुळे सरासरीही हलते. शोधतोय काही टक्क्यांचा फरक, आणि तेवढा गोंधळ एखादं पडसंही घालू शकतं. चांगले अभ्यास हे प्रमाण गणिताने वजा करतात. घरपोच किट काय करतं ते त्याच्या डबीवर लिहिलेलं नसतं.

आईला आजार उतारवयात, सत्तरीनंतर झाला असेल तर तुमचा धोका काहीसा वाढलेला आहे, ठरलेला नाही. पन्नाशीच्या आत झाला असेल तर ९ वाचा. तिथलं उत्तर एकदम वेगळं आहे.

४. या खुणा प्रयोगशाळेत वाचतात कशा?

हा प्रश्न एका निवृत्त रसायन अभियंत्यांनी विचारला आणि मला फार आवडला, म्हणून सविस्तर.

डीएनए वाचणाऱ्या नेहमीच्या यंत्राला मिथाइल गट दिसत नाही. मिथाइल असलेला 'सी' आणि नसलेला 'सी' त्याला सारखेच. म्हणून बायसल्फाइट वापरतात. फटाके उडवल्यावर नाकाला झोंबतो तसा, गंधकाचा वास येणारा द्रव. तो डीएनएत मिसळून नळ्या तापवून ठेवल्या की साधा 'सी' बदलतो आणि पुढे यंत्राला 'टी' दिसतो. मिथाइलची टोपी घातलेला 'सी' बचावतो, 'सी'च राहतो. मग आधीचं आणि नंतरचं वाचन शेजारी ठेवायचं: जिथे 'सी' टिकला तिथे टोपी होती. जुन्या पद्धतीत हे रात्रभर चालायचं. संध्याकाळी नळ्या लावून घरी जायचं आणि सकाळी पाहायचं तर डीएनएचे निम्म्याहून जास्त तुकडे झालेले. हा रसायनाचा कडू भाग आहे: वाचायचं तेच ते कुरतडतं.

दुसरी मेख मेंदूपुरती. तिथे मिथाइलसारखीच, एक ऑक्सिजन जास्त असलेली हायड्रॉक्सीमिथाइल नावाची खूण भरपूर असते. बायसल्फाइटला या दोघींतला फरक कळत नाही. म्हणजे मेंदूवरच्या बऱ्याच जुन्या अभ्यासांत "मिथिलेशन" म्हणून मोजलेला आकडा दोघींची बेरीज आहे.

आणि तिसरं, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर शिकवतं: रुग्णांचे नमुने सोमवारच्या पट्टीवर आणि निरोगी लोकांचे गुरुवारच्या पट्टीवर लावले, तर सापडणारा फरक हा सोमवार आणि गुरुवारमधला असू शकतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे चार महिने असे गेले. नमुने आधीच फेटून लावावेत, पत्त्यांसारखे.

५. न्यूरॉलॉजिस्टनी "पी-टाऊ २१७" सांगितलंय. तीच ही तपासणी का?

नाही. ती रक्तातलं टाऊ प्रथिन मोजते, डीएनएवरच्या खुणा नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांच्या गुणोत्तरावरची पहिली रक्ततपासणी मान्य केली, पण ५५ वर्षांवरच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी. "सहज म्हणून" करायला नव्हे. प्रथिनांची तपासणी दवाखान्यात पोचली, खुणांची अजून प्रयोगशाळेतच आहे, एवढा दोघींत फरक.

६. बातमीत "९० टक्के अचूक" म्हटलं होतं. ९० टक्के कमी आहे का?

कागद घ्या. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचाच मुख्य प्रकार) प्रमाण ७.४ टक्के निघालं आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. समजा संघाच्या १००० सभासदांवर अशी तपासणी केली, जी आजारी माणसांतले ९० टक्के पकडते आणि निरोग्यांतल्या ९० टक्क्यांना निरोगी म्हणते.

आजारी ७४, त्यातले ६७ पकडले. निरोगी ९२६, त्यातल्या ९३ जणांना चुकून "आहे" सांगितलं. एकूण १६० लोकांच्या हातात वाईट चिठ्ठी, पैकी ९३ जणांची खोटी. निम्म्याहून जास्त. त्या ९३ घरांत त्या रात्री कोणी झोपणार नाही. तीच तपासणी स्मृती-क्लिनिकमध्ये, जिथे येणारा प्रत्येकजण आधीच काही तक्रार घेऊन येतो, तिथे खूप उपयोगी ठरते. तपासणी बदललेली नसते, रांग बदललेली असते.

लहान अभ्यासातले आकडे तर त्याहून फुगलेले असतात. ज्या पन्नास-साठ नमुन्यांवर सूत्र बसवलं, त्यांच्यावरच ते तपासलं तर गुण चांगलेच पडणार. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या गटाच्या नमुन्यांवर काय आलं ते आधी विचारा.

७. लेकीने अमेरिकेहून "जैविक वय" सांगणारं किट आणलं. मी ७१ ची, त्यात ७६ आलं. माझा मेंदू ७६ चा झालाय का?

तुमच्या मेंदूबद्दल त्यात काहीही नाही, थुंकीतल्या पेशींबद्दल आहे. ही कल्पना २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी गाजवली: ३५३ जागांवरच्या मिथिलेशनवरून माणसाचं वय काढायचं. हजारो लोकांच्या सरासरीत ते छान चालतं, आणि घड्याळ पुढे धावणाऱ्यांत काही आजार जास्त आढळतात हेही खरं. पण एका व्यक्तीसाठी? त्याच रक्ताचे दोन भाग करून दोनदा मोजलं तरी काही घड्याळांत कित्येक वर्षांचा फरक पडतो. तुमची पाच वर्षं त्या फरकातच मावतात. किटसोबत "मेंदू तरुण ठेवणाऱ्या" गोळ्यांची जाहिरात आली होती का? येतेच.

८. माझं बी१२ नेहमी कमी येतं. मिथिलेशन त्यावर चालतं म्हणे. मग अल्झायमर?

या प्रश्नाला पुण्याइतकं योग्य गाव नाही. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली. वजनाने लहान पण अंगात चरबी जास्त, असं आपल्या बाळांचं चित्र त्यातून जगासमोर आलं. आणि २००८ मध्ये हेही, की ज्या आयांचं बी१२ कमी पण फोलेट (हेही एक ब-जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. वरण-भात-भाजीत फोलेट मिळतं, बी१२ दूध-दही सोडलं तर शाकाहारात जवळपास नसतंच.

आता जोड. मिथाइल गट पेशीला पुरवणारी साखळी फोलेट आणि बी१२ वर चालते. बी१२ अडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल साचतं. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सौम्य विस्मरण असलेल्या लोकांना ब-जीवनसत्त्वं दिल्यावर मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाला, आणि जास्त फायदा ज्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं त्यांना झाला. याचा अर्थ बी१२ घेतलं की खुणा "दुरुस्त" होतात असा नाही. ते कोणी दाखवलेलं नाही.

तरीही बी१२ तपासाच, खुणांसाठी नव्हे. त्याची कमतरता स्वतःच विस्मरण, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं घडवते, आणि ती बरी होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती जास्त दिसते. एक सावधगिरी: बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) घेत राहू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं.

९. दिरांना ४६ व्या वर्षी सुरू झालं, सासऱ्यांनाही तसंच. आता माझ्या मुलांचं काय?

इथे एपिजेनेटिक बाजूला ठेवा. एवढ्या लवकर, पिढ्यान्‌पिढ्या येणारा आजार एकूण रुग्णांत एक टक्क्यालाही पोचत नाही, पण तो असतो. त्यामागे बहुधा एपीपी, पीएसईएन१ किंवा पीएसईएन२ या तीनपैकी एका जनुकातला बदल असतो. हा संहितेतला छापील शब्दच चुकलेला आहे, पेन्सिलीचा प्रश्न नाही. पालकात तो बदल असेल तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. तपासणी आधी आजारी व्यक्तीची करतात; तिच्यात तसा बदल सापडला तरच पुढे इतरांची. त्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा, आणि मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांची तपासणी करू नका. कळून घ्यायचं नाही, हाही त्यांचा हक्क आहे.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनीही विचारलंय. एपीपी हे जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यांच्याकडे त्याची एक प्रत जास्त असते, त्यामुळे अमायलॉइड फार लवकर साचतं. चाळिशीपासून बारकाईने लक्ष ठेवावं.

१०. एपीओई ई४ आलंय. म्हणजे संपलं?

नाही. ई४ हा एपीओई जनुकाचा धोका वाढवणारा प्रकार आहे, ९ मधल्यासारखा ठरवून टाकणारा नाही. एक प्रत असलेले कित्येकजण नव्वदीत शब्दकोडी सोडवतात, आणि ई४ नसलेल्यांनाही आजार होतो.

११. खुणा पुसता येतात का? सिगारेट सोडली, प्राणायाम करतो.

सिगारेटचं उत्तर हो, बरंचसं. एएचआरआर नावाच्या जनुकावर एक जागा आहे, तिथलं मिथिलेशन धूम्रपानाने इतकं घसरतं की रक्त पाहून माणूस ओढतो का हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं; घरच्यांपासून लपवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. सोडल्यावर ते वर्षांच्या हिशेबाने हळूहळू सावरतं. पण ही रक्तातली, धुराची खूण आहे. अल्झायमरच्या खुणा अशा पुसता येतात असं माणसात सिद्ध झालेलं नाही. प्राणायाम झोपेसाठी, मनासाठी करा, खुणांच्या नावाने करू नका.

धोका मात्र कमी करता येतो. २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगाने बदलता येण्याजोगे १४ घटक मोजले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं बहिरेपणही. कानाचं यंत्र लावायला लोक लाजतात आणि सहा महिने "बाबा विसरायला लागले" म्हणतात. बाबांनी ते ऐकलेलंच नसतं.

१२. हे संशोधन गोऱ्या लोकांवरचं. आपल्याला लागू पडतं का?

शंका रास्त आहे. खुणा काही प्रमाणात जवळच्या डीएनएच्या अक्षरांवर अवलंबून असतात, त्यामुळे युरोपीय वंशाच्या लोकांत बसवलेलं सूत्र इथे जसंच्या तसं बसेल असं धरता येत नाही. आपला आहार, बी१२, तंबाखू, चुलीचा धूर हे सगळं वेगळं. बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने कर्नाटकातल्या श्रीनिवासपूर परिसरातल्या खेड्यांत हजारो लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा अभ्यास उभारलाय; खरं उत्तर अशा कामातून येईल. पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत एपिजेनेटिक्सवर आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टाऊच्या गुठळ्यांवर मूलभूत काम झालंय. तिथे कृपया रिपोर्ट घेऊन जाऊ नका. ते दवाखाने नाहीत. लोक खरंच जातात.

१३. मग आज, पुण्यात, नेमकं काय करू?

न्यूरॉलॉजिस्ट किंवा स्मृती-क्लिनिक गाठा. बरोबर रोज जवळ राहणारं माणूस न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या स्वतःच डोकं जड करतात. बी१२, थायरॉइड, सोडियम, साखर, कान, आणि नैराश्य हे आधी पाहिलं जाऊ द्या. अलीकडे पडल्याचं, डोक्याला मार लागल्याचं आठवणीने सांगा.

स्मृतीची चाचणी मराठीतून घ्या असं आग्रहाने म्हणा. माझ्या सासूबाईंना एका ठिकाणी इंग्रजी-हिंदीच्या धेडगुजरीत तारीख विचारली. त्या म्हणाल्या, "कार्तिक वद्य पंचमी." बरोबर होतं, मी घरी येऊन कालनिर्णय पाहिलं. त्यांना शून्य गुण मिळाले. त्या चौथी शिकलेल्या, त्यामुळे शंभरातून सात वजा करत जायच्या प्रश्नातही गेल्या. पुढच्या डॉक्टरांनी मराठीतून, शिक्षणाचा हिशेब धरून पुन्हा चाचणी घेतली. आजार होताच, पण पहिल्या कागदावर होता त्यापेक्षा बराच आधीच्या टप्प्यात.

१४. बाबा तपासणीला तयार नाहीत. त्यांच्या नकळत थुंकीचा नमुना पाठवला तर?

नका पाठवू. संमतीचा मुद्दा आहेच, शिवाय ३ आणि ६ वाचल्यावर सांगा, उत्तर आलं तर त्याचं करणार काय? बी१२ आणि साखरेला ते सहसा तयार होतात. तिथून सुरू करा.

१५. मरणोत्तर मेंदू संशोधनाला देता येतो का? देहदानाचा फॉर्म भरलाय.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ मध्ये सांगितलेले ७०८ मेंदू मुख्यतः अमेरिकेतल्या कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू आणि शिकागोच्या आसपासच्या वृद्धांनी दिलेले होते. जिवंतपणी दरवर्षी स्मृतीची चाचणी द्यायची आणि मेल्यावर मेंदू द्यायचा, असं त्यांनी आधीच कबूल केलं होतं. त्या वार्षिक नोंदी नसत्या तर नुसत्या मेंदूंचा उपयोग निम्मा झाला असता. भारतात बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूपेढी आहे, पण मेंदू काही तासांत पोचावा लागतो, त्यामुळे पुण्याहून हे अवघड. वैद्यकीय महाविद्यालयाला केलेलं देहदान विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवायला जातं. तिथे देह फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, आणि फॉर्मेलिनने डीएनए इतका बिघडतो की ४ मधली वाचनं त्यावर धड होत नाहीत. फॉर्म रद्द करू नका, त्या विद्यार्थ्यांना देहांची गरज आहे. फक्त तो या कामासाठी नाही.